मिथायलेशनवर पीएचडीसाठी जर्मनी: वावर गहाण टाकण्याआधी

दिग्रसजवळच्या एका गावातून ताईंनी विचारलं आहे: अमरावती विद्यापीठाची बायोटेक्नॉलॉजीतली एम.एस्सी., ७१ टक्के, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) नाही, शोधनिबंध नाही. डीएनए मिथायलेशन (डीएनएवर चिकटणारी, जनुकं चालू-बंद करण्यात वाटा असलेली मिथाइलची रासायनिक खूण) आणि आजार यावर जर्मनीत पीएचडी करायची आहे. एक एजन्सी साडेतीन लाख मागते आणि बाबा दोन एकर वावर गहाण टाकायला तयार आहेत. काय करू?

ताई, वावराला हात लावू देऊ नका. जर्मनीत विज्ञानातली पीएचडी ही बहुतेक ठिकाणी नोकरी असते. शिकवणी फी नाही, उलट करार आणि पगार मिळतो. जागा प्रयोगशाळा स्वतः जाहीर करते, अर्ज थेट तिथेच जातो आणि निवड प्राध्यापक करतात. एजन्सी यात कुठेच बसत नाही. ती फार तर तुम्हाला फी भरून चालणाऱ्या एखाद्या खाजगी मास्टर्सला घालेल, आणि मास्टर्स तुमच्याकडे आहेच.

साडेतीन लाखांनी जे मिळणार नाही ते म्हणजे दाखवता येईल असं काम. नेट नसलं तरी इथे अडत नाही, शोधनिबंध नसला तरी चालतं. पण 'एपिजेनेटिक्समध्ये (अशा खुणांच्या शास्त्रात) रस आहे' एवढंच लिहिलेले अर्ज प्राध्यापकांकडे रोज येतात. म्हणून पुढचे चार-पाच महिने एका गोष्टीला द्या: सार्वजनिक डेटावर मिथायलेशनचं एक विश्लेषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करा. लागतो फक्त ८ जीबी रॅमचा लॅपटॉप (१६ असेल तर उत्तम), फुकट मिळणारी आर ही संगणकाची भाषा आणि तिच्या बायोकंडक्टर या संग्रहातलं मिनफी हे पॅकेज.

जीईओ या जनुकीय डेटाच्या सार्वजनिक संग्रहात जीएसई४२८६१ हा संच आहे. संधिवाताचे रुग्ण आणि निरोगी माणसं मिळून ६८९ जणांच्या रक्ताचे नमुने, इल्युमिना कंपनीच्या ४५०के या मिथायलेशन मोजणाऱ्या चिपवर मोजलेले. सगळा संच उतरवू नका, गावच्या नेटवर तो अर्ध्यात तुटेल. प्रत्येक नमुन्याच्या लाल आणि हिरव्या अशा दोन आयडॅट (चिपच्या कच्च्या सिग्नलच्या) फायली वेगवेगळ्या मिळतात. चाळीस नमुने घेतले तर एक जीबीच्या आत भागतं. निवडताना सिगारेट ओढणारे वीस आणि कधीच न ओढलेले वीस घ्या. रुग्ण आणि निरोगी दोन्ही गटांत सारखे येऊ द्या, वय आणि लिंगही शक्य तेवढं जुळवा.

सिगारेट का, तर उत्तर आधीच माहीत आहे म्हणून. एएचआरआर या जनुकातली सीजी०५५७५९२१ ही जागा (डीएनएवरचं एक ठिकाण) ओढणाऱ्यांमध्ये ठळकपणे कमी मिथायलेटेड असते. ही जागा तुमच्या यादीत अगदी वर आली नाही, तर चूक तुमच्या पायऱ्यांत आहे असं समजा आणि मागे जा. नवशिक्याला स्वतःची चूक सापडवण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

पायऱ्या अशा. फायली वाचल्यावर डिटेक्शन पी-व्हॅल्यू (सिग्नल खरा की नुसता गोंगाट हे सांगणारा आकडा) ०.०१ च्या वर असलेल्या जागा काढून टाका. मग एक्स-वाय गुणसूत्रांच्या सिग्नलवरून लिंग ओळखून नोंदीशी ताडून पाहा, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर इथेच कळते. ज्या प्रोबखाली (चिपवरच्या मोजणाऱ्या तुकड्याखाली) एसएनपी, म्हणजे माणसागणिक बदलणारं डीएनएचं अक्षर, आहे आणि ज्या दोन-दोन ठिकाणी चिकटतात त्या वगळा. नॉर्मलायझेशन करा, म्हणजे सगळे नमुने एका मापावर आणा. सांख्यिकी एम-व्हॅल्यूवर (बीटाचं लॉग रूप) चालवा, पण निकाल बीटामध्ये सांगा, कारण बीटा म्हणजे शेकडा किती मिथायलेशन हे वाचणाऱ्याला लगेच समजतं. चिपवर ४,८५,००० हून जास्त जागा आहेत, तेव्हा फरक खरा मानायला पी-व्हॅल्यूची नेहमीची ०.०५ ची मर्यादा उपयोगाची नाही. ती १० चा उणे सातवा घात, एवढ्या पातळीला न्यावी लागते.

आता जिथे बहुतेकांचं काम फसतं ती जागा. रक्त म्हणजे एक पेशी नव्हे. न्यूट्रोफिल, टी पेशी, बी पेशी, मोनोसाइट यांचं प्रत्येकाचं मिथायलेशन वेगळं. संधिवातात न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटचं प्रमाण बदलतं. ते दुरुस्त केलं नाही तर हजारो जागा 'आजाराशी संबंधित' दिसतात, आणि प्रत्यक्षात तुम्ही फक्त पेशींची मोजदाद केलेली असते. हाउसमन यांची २०१२ ची पद्धत मिनफीत आहे, तिने प्रमाण काढून मॉडेलमध्ये घाला. दुसरा खड्डा बॅचचा, म्हणजे नमुने वेगवेगळ्या खेपांत मोजल्याचा. रुग्ण एका चिपवर आणि निरोगी दुसऱ्या चिपवर असतील तर कुठलंही गणित ते सोडवू शकत नाही. आजारामुळे रक्तात दिसणारा फरक पुष्कळदा दोन ते पाच टक्क्यांचाच असतो, तेवढा तर चिप बदलल्यानेही येतो. तिसरी गोष्ट दिशेची: मिथायलेशनमुळे आजार झाला की आजारामुळे मिथायलेशन बदललं? लठ्ठपणाच्या बाबतीत २०१७ च्या मोठ्या अभ्यासात रक्तातले बहुतेक बदल हे परिणाम निघाले, कारण नव्हे. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

एकच विश्लेषण दोनदा करा, पेशींची दुरुस्ती न करता आणि करून. दोन्ही आलेख शेजारी ठेवा, कोड गिटहब या सार्वजनिक साइटवर टाका, दोन पानी टिपण लिहा. माझ्या मते हे टिपण तुमच्या ७१ टक्क्यांपेक्षा जड भरेल.

ओल्या कामाबद्दलही, म्हणजे प्रयोगशाळेतल्या हातच्या कामाबद्दलही विचारतील. मिथायलेशन ओळखायची बायसल्फाइट ही रासायनिक प्रक्रिया तुम्ही हाताने केली नसेल तरी त्यात काय बिघडतं हे पक्कं माहीत हवं. बायसल्फाइट साध्या सायटोसिनचं युरॅसिल करतं, मिथायलेटेड सायटोसिन तसंच राहतं. रूपांतर अर्धवट झालं तर उरलेलं साधं सायटोसिन मिथायलेटेड म्हणून वाचलं जातं. म्हणून मिथायलेशन नसलेला लॅम्डा या विषाणूचा डीएनए सोबत घालून रूपांतर ९९ टक्क्यांच्या वर गेलं का ते पाहतात. डीएनए या क्रियेत तुटतो, त्यामुळे पीसीआरचा तुकडा १०० ते ३०० बेसच्या दरम्यान ठेवा आणि प्रायमरच्या आत सीपीजी (सायटोसिन-ग्वानिन ही जोडी, जिथे मिथायलेशन होतं) येऊ देऊ नका. पीएफयूसारखा प्रूफरीडिंग पॉलिमरेज युरॅसिलवर अडून बसतो, युरॅसिल चालणारा हॉट-स्टार्ट एन्झाइमच घ्या. रूपांतरित डीएनए एकेरी धाग्याचा असतो, नॅनोड्रॉपवर तो आरएनएच्या सेटिंगवर मोजतात. आणि बायसल्फाइटला मिथाइल व हायड्रॉक्सीमिथाइल यांतला फरक कळत नाही, हे स्वतःहून सांगितलंत तर समोरचा सावरून बसेल.

विषय निवडताना आपल्याकडचा सिकलसेल डोळ्यांसमोर ठेवा. जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन बंद होण्यात गॅमा ग्लोबिन जनुकावरच्या मिथायलेशनचाही वाटा असतो. ५-अझासायटिडीन या औषधाने ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढवता येतं हे १९८२ मध्ये बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णात दिसलं. गडचिरोली, चंद्रपूरकडचा हा आजार तुम्हाला पुस्तकाबाहेरही माहीत आहे, ते जरूर लिहा. मात्र 'गावाकडून नमुने आणीन' असं कबूल करू नका. परदेशाशी मिळून केलेल्या संशोधनाला भारतात संस्थेच्या नैतिक समितीसोबत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते, आणि त्यात महिने जातात.

अर्ज कुठे? हायडेलबर्गचं जर्मन कर्करोग संशोधन केंद्र (मेंदूच्या गाठी मिथायलेशनवरून ओळखण्याची २०१८ ची पद्धत तिथल्या गटांची), फ्रायबर्गची इम्युनोबायोलॉजी व एपिजेनेटिक्सची माक्स प्लांक संस्था, बर्लिनची मॉलिक्युलर जेनेटिक्सची माक्स प्लांक संस्था, झारब्रुकेनचं विद्यापीठ. यांच्या ग्रॅज्युएट स्कूलच्या तारखा ठरलेल्या असतात, त्याखेरीज सुट्या जागाही निघतात. थेट मेल दोनशे शब्दांचा. 'रिस्पेक्टेड सर' आणि स्तुती नको. पहिल्या ओळीत त्यांच्या कुठल्या निबंधातली कुठली आकृती वाचून काय प्रश्न पडला ते, मग टिपणाचा दुवा, दोन पानी सीव्ही. एकच मजकूर शंभर जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो. शिफारसपत्र सरांनी कॉलेजच्या मेलवरून थेट पाठवावं. जीमेलवरून आलेल्या पत्रावर शंका घेतात, तेव्हा सरांना आत्ताच तो पत्ता सुरू करून घ्यायला सांगा.

गुण जर्मन श्रेणीत बदलण्याचं गणित नीट करा, इथे पुष्कळांचं विनाकारण नुकसान होतं. शंभरातून तुमचे टक्के वजा करा, आलेल्या आकड्याला (शंभर वजा उत्तीर्ण होण्याचे किमान गुण) याने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. किमान ४० धरले तर तुमचे २.४५ येतात, ५० धरले तर २.७४. जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला. म्हणून विद्यापीठाकडून उत्तीर्णतेची किमान मर्यादा लिहिलेलं पत्र ट्रान्स्क्रिप्टसोबतच मागून घ्या. अमरावतीला दोन चकरा होतील, पण त्या वाचवू नका.

नावाचं आजच बघा. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर व्हिसा, बँक, विमा सगळीकडे खोळंबा होतो. लग्न झालं असेल आणि कागदपत्रं माहेरच्या नावाची असतील, तर पासपोर्टही त्याच नावाने ठेवणं सोपं. दुरुस्ती नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येते. ती जागा मिळाल्यावर नको, आधीच करून ठेवा.

पैशाचं. पीएचडीला बहुधा टीव्ही-एल ई-१३ (जर्मन राज्यांची सरकारी वेतनश्रेणी) च्या ६५ टक्के वेतन मिळतं. २०२५ मध्ये सुरुवातीचा पूर्ण पगार महिना सुमारे ४,६३० युरो, म्हणजे ६५ टक्क्यांचे साधारण ३,०००. कर आणि आरोग्य विमा कापून हातात दोन हजारांच्या आसपास. खोली शहराप्रमाणे ४०० ते ७०० युरो. स्वतः स्वयंपाक केला तर घरी पाठवायलाही उरतात. पण ऑफर आली की करार आहे की स्टायपेंड हे पहिल्यांदा विचारा. स्टायपेंडमध्ये विमा तुम्हाला स्वतः भरावा लागतो. करार असेल तर संशोधकाचा व्हिसा मिळतो, विद्यार्थ्यांना लागणारं ११,९०४ युरोंचं (२०२५ चा आकडा) गोठवलेलं खातं, म्हणजे वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचं खातं, लागत नाही. व्हिसाचं शुल्क ७५ युरो. खरा खर्च तिकीट, पहिल्या महिन्याचं भाडं आणि खोलीची अनामत हा आहे, कारण पहिला पगार महिनाअखेरीस येतो. हे दीड-दोन लाख हाताशी हवेत. अनेक संस्था मागितल्यास प्रवासखर्च देतात, पण मागावा लागतो.

पीएचडीला तीन ते चार वर्षं धरा. पुढचं कडू आहे तेही सांगतो: विद्यापीठात तात्पुरत्या करारावर पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं अशी कायद्याने मर्यादा आहे, कायम जागा फार थोड्या. विश्लेषण येणाऱ्याला रोगनिदानाच्या कंपन्यांत आणि रुग्णालयांत काम मिळतं, नुसत्या पिपेटवाल्याला अवघड जातं. भारतात परतायचं झालं तर परतणाऱ्या संशोधकांसाठीची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे.

आल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंदणी करायची, त्याला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. करक्रमांक त्यानंतर टपालाने येतो. पत्रपेटीवर तुमचं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि करक्रमांक नसला की पहिल्या पगारातून सर्वांत जास्त दराने कर कापला जाऊ शकतो. एक चिठ्ठी आणि चिकटपट्टी सामानात वरच ठेवा.