वजन बेताचे असले तरी तपासणी हवी का?

प्रश्न : माझे वय 34, उंची 170 सेंटीमीटर आणि वजन 64 किलो आहे. काम बैठे आहे, हातपाय सडपातळ असले तरी पोट सुटले आहे आणि वडिलांना मधुमेह आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 22 येत असताना तपासणीची गरज आहे का? (पुणे)

उत्तर : गरज आहे. भारतीयांसाठी बीएमआय 23 ही जास्त वजनाची आणि 25 ही लठ्ठपणाची सीमा धरली जाते, त्यामुळे कागदावर आपले वजन योग्यच ठरते. परंतु बीएमआयवरून स्नायू किती आणि चरबी किती, हे कळत नाही. याचे बोलके उदाहरण आपल्याच शहरातील आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय 22.3 होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के भरली.

पोटाच्या आत, यकृतात आणि आतड्यांभोवती साठलेली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, म्हणून आपल्याकडे वजनाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व कंबरेच्या घेराला द्यावे, असे माझे ठाम मत आहे. हा घेर पँटच्या नंबरावरून ठरवू नये, कारण पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली नेसतो आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. स्त्रियांनीही परकराच्या नाडीच्या वळावर टेप धरू नये. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, टेप जमिनीला समांतर धरून, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजावे. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक घेर धोक्याचा समजावा. आपला घेर काहीही आला, तरी वडिलांचा मधुमेह आणि बैठे काम लक्षात घेता रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) एवढे तपासून घ्यावेच.

प्रश्न : वय 46, कंबर 84 सेंटीमीटर, रक्तदाब 126/82, उपाशीपोटी साखर 104, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील एक प्रकारची चरबी) 168, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) 44. अहवालात फक्त ट्रायग्लिसराइड्स ठळक छापले आहेत, बाकी सारे ‘नॉर्मल’ आहे. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी साखर वाढली होती. काळजी करावी का? (नाशिक)

उत्तर : अहवालातील ठळक अक्षरांवर विसंबू नका, हे आकडे एकेकटे नव्हे, तर एकत्र वाचायचे असतात. चयापचयाच्या बिघाडाचे, म्हणजेच मेटाबॉलिक सिंड्रोमचे निदान पाच निकषांवर होते : वाढलेला घेर, 150 किंवा अधिक ट्रायग्लिसराइड्स, पुरुषांत 40 पेक्षा आणि स्त्रियांत 50 पेक्षा कमी एचडीएल, 130/85 किंवा त्याहून अधिक रक्तदाब आणि 100 किंवा अधिक उपाशीपोटी साखर. पाचांपैकी तीन पुरेसे असतात. आपल्याकडे रक्तदाब सोडून चारही आहेत. आपल्या प्रयोगशाळेने एचडीएलची खालची मर्यादा स्त्री-पुरुष दोघांसाठी 40 आणि साखरेची वरची मर्यादा 110 धरली असावी, म्हणून हे दोन आकडे ठळक झाले नाहीत. गरोदरपणातील मधुमेह ही तर आपल्या बाबतीतील सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. अशा स्त्रियांना पुढे टाइप 2 मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि तरीही बाळंतपणानंतरची साखरेची तपासणी घराघरांत राहून जाते, याचे मला फार वाईट वाटते. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करावयाची चाचणी आपण डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर करावी आणि ती नॉर्मल आली तरी दरवर्षी साखर तपासत राहावे.

प्रश्न : एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) 6.0 आले, पण हिमोग्लोबिन 9.2 आहे. मला प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहापूर्वीची अवस्था, आहे का? (सातारा)

उत्तर : या एका आकड्यावरून ठरवू नये. 5.7 ते 6.4 ही प्रीडायबेटिसची पातळी आहे खरी, पण लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. उपाशीपोटी आणि ग्लुकोजनंतरची साखर मोजून घ्या, आणि रक्तक्षयाचे कारण शोधून त्यावर आधी उपचार करा.

प्रश्न : वय 48. सोनोग्राफीत ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ निघाले. ते सर्वांनाच असते, असे सांगण्यात आले. यकृताच्या रक्ततपासणीत एसजीओटी 38, एसजीपीटी 49 आणि प्लेटलेट 2 लाख 10 हजार आहेत. (ठाणे)

उत्तर : अनेकांना असते, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. यकृतातील चरबीपेक्षा तिथे व्रण धरू लागले आहेत का, हा प्रश्न मोठा असतो आणि त्याची प्राथमिक चाळणी फिब-4 या सूत्राने घरबसल्या होते. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. मग पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. आपल्या बाबतीत 1824 भागिले 1470, म्हणजे 1.24 येते. 1.3 च्या खाली धोका कमी मानतात, त्यामुळे आज फायब्रोस्कॅनची (यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीची) घाई नाही. मात्र आकडा सीमेच्या जवळ असल्याने वर्षभराने पुन्हा काढावा, आणि तोवर मद्य पूर्ण बंद ठेवून कंबरेचा घेर व साखर तपासून घ्यावी.