बेळगावचे मराठी लोक सीमावाद सोडून काही बोलतात का? वाचतात काय?

बोलतो की सीमावादावर. न बोलून कसं चालेल? १ नोव्हेंबरला इथे एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्यावर मराठी लोकांची निषेधाची, काळ्या दिवसाची फेरी. महाराष्ट्राचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत बसमधल्या एका भांडणावरून दोन्ही राज्यांनी एकमेकांकडे जाणाऱ्या गाड्या बंद केल्या आणि आमची कोल्हापूरची फेरी हुकली. माझं मत विचाराल तर नकाशा कधी बदलेल ते बदलो, आधी जमिनीचा उतारा मराठीत मिळू दे. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तो दुसऱ्याकडून वाचून घेतला.

आता वाचनाचं. पुण्याच्या पाहुण्यांना बेळगाव म्हणजे कुंदा आणि पुलंचे रावसाहेब, एवढंच ठाऊक असतं. इंदिरा संत इथेच राहून लिहीत होत्या, हे सांगावं लागतं. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडीत डोक्यावर कळशी घेतलेल्या बायका असतात, मागे लेझीम. भाषणं कधीकधी फार लांबतात, खरं माणसं उठत नाहीत. शहरातल्या आमच्या कार्यक्रमांना पहिल्या दोन रांगा भरल्या तरी पुष्कळ. (त्यातही एक रांग सत्कारमूर्तींच्या घरच्यांची.)

मला खरी लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सप्टेंबर २०२५ मध्ये कन्नड कादंबरीकार भैरप्पा गेले. त्या संध्याकाळी शेजारचे काका कंपाउंडपाशी उभे होते, कन्नड माणूस, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतात. मी म्हटलं, त्यांचं महाभारतावरचं ‘पर्व’ मी दोनदा वाचलं. ते म्हणाले, कुठल्या भाषेत? मराठीतच, दुसरं काय! मुळात उमा कुलकर्णींच्या अनुवादांमुळेच भैरप्पा आमच्याकडे घरोघरी पोचले, आणि त्या बाई माहेरच्या बेळगावच्या, राहतात पुण्यात. म्हणजे भिंतीपलीकडचं पुस्तक माझ्या घरात आलं ते पुण्याचा फेरा मारून. जन्म इथे गेला, बसची पाटी, दुकानाचा बोर्ड अक्षर लावून वाचतो, खरं कन्नड कादंबरीचं एक पान होत नाही.

मी उलट विचारलं, काका, तुम्ही मराठीत काय वाचलंत? ते हसले. म्हणाले, पेपर.

दोघेही गप्प झालो. पाटीवर कुठली भाषा वर असावी, यावर आम्ही दोघं तासभर भांडू शकतो, भांडलोही आहोत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कन्नड ‘पर्व’ आणून दिलं. गोष्ट पाठ आहे, म्हणून निभतंय. रोज अर्धं पान, तेही ओळीखाली बोट धरून. मी त्यांना इंदिराबाईंच्या कविता दिल्यात. वाचल्या का, हे अजून विचारलेलं नाही.