ब्लूजला नव्याने लागणाऱ्यांसाठी: आधी काय बघावं, कुठला संच घ्यावा

तुम्ही विचारलंय, ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनवरून मागे, जुन्या कृष्णवर्णीय अमेरिकन ब्लूज गायकांकडे जायचंय, तर दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीच्या 'द ब्लूज' या मालिकेतले सातही माहितीपट क्रमाने बघू का आणि १९३०च्या दशकातला ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन याचा 'संपूर्ण' संच घेऊन टाकू का? माझं उत्तर दोन्हीला नाही.

आधी संचाचं. मीही क्लॅप्टनवरूनच इथे आलो आणि हौसेने तो १९९० चा संच आणला. गाणी २९, ध्वनिमुद्रणं ४१. पहिलं गाणं संपलं आणि लगेच तेच पुन्हा सुरू झालं. मला वाटलं प्लेअर बिघडला! एकाच गाण्याचे दोन टेक, म्हणजे दोनदा गाऊन केलेली मुद्रणं, शेजारी-शेजारी ठेवलेत. गिटार शिकणाऱ्याला ती मेजवानी, पण नवख्याचा कान थकतो. त्यापेक्षा कोलंबियाने १९६१ साली काढलेली सोळा गाण्यांची रेकॉर्ड ऐका, 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स'. क्लॅप्टनच्या पिढीने जॉन्सन ऐकला तो याच रेकॉर्डवर. जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची कथा जवळजवळ प्रत्येक माहितीपटात येते. ती सुरू झाली की खुशाल चहा टाकायला उठा.

आता मालिका. २००३ सालची, सात दिग्दर्शकांचे सात स्वतंत्र चित्रपट. सलग इतिहास नाहीच, त्यामुळे क्रमाला अर्थ नाही. सुरुवात विम वेंडर्सच्या 'द सोल ऑफ अ मॅन'ने करा. ब्लाइंड विली जॉन्सन, स्किप जेम्स आणि जे. बी. लेनॉर या तीन जुन्या गायकांवर आहे. विलीचं १९२७ चं एक गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलं, तिथून चित्रपट उघडतो. एक सावधगिरी: त्यातली जुनाट, थरथरती कृष्णधवल दृश्यं अस्सल नाहीत. हाताने फिरवायच्या जुन्या कॅमेऱ्यावर नटांना घेऊन ती नव्याने चित्रित केलीत. मी पहिल्यांदा साफ फसलो होतो. मधेमधे आजचे कलाकार तीच गाणी गातात, त्यातले काही पुढे ढकलले तरी चालतील. त्यानंतर चार्ल्स बर्नेटचा बघा. पियानोची आवड असेल तर क्लिंट ईस्टवूडचा. बाकीचे सवडीने.

मिसिसिपीतल्या सुरुवातीच्या ब्लूज गायकांपैकी चार्ली पॅटनवर तुम्ही नक्की येणार, म्हणून आत्ताच सांगतो: त्याच्या गाण्यांत फोडणी तडतडल्यासारखा आवाज येतो, तो तुमच्या स्पीकरचा दोष नाही. स्किप जेम्स आणि पॅटन दोघांनीही पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी गायलं. ही कंपनी विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. ते फोनोग्राफची लाकडी कपाटंही बनवायचे आणि कपाटं खपावीत म्हणून रेकॉर्डी काढायचे. माल स्वस्तातला, आणि ज्यांवरून रेकॉर्डी छापत त्या मूळ धातूच्या तबकड्या पुढे भंगारात गेल्या. त्यामुळे आज आपण ऐकतो ते कुणा तरी संग्राहकाला सापडलेल्या, झिजलेल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरून उतरवलेलं. पॅटनचा २००१ सालचा सात सीडींचा संच देखणा आहे, पण तो पहिली खरेदी म्हणून नको. आधी त्याची पाच-सहा गाणी ऐका, तीही हेडफोनवर नको, खोलीतल्या स्पीकरवर. खरखर बरीच मागे सरते.

आणि आज रात्री एवढं करा, पैसे लागत नाहीत. १९४१ साली लोकगीतं गोळा करणारा अ‍ॅलन लोमॅक्स लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर गेला आणि तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या मडी वॉटर्सचं गाणं मुद्रित करून आला: 'आय बीज ट्रबल्ड'. ते ऐका. मग लगेच १९४८ चं 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड' लावा. गाणं तेच, माणूस तोच, फक्त मधे तो शिकागोला आलाय आणि हातात इलेक्ट्रिक गिटार आहे. दुसऱ्यात स्लाइड (बोटात घालून तारांवरून सरकवायची नळी) कशी चिरत जाते ते बघा. दोन्हींतलं कुठलं जास्त आवडलं ते कळवा, पुढची यादी त्यावरून देतो.