सोरायसिस असलेल्या किती जणांना सांधेदुखी होते?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षांपासून सोरायसिस आहे आणि शेजारच्या काकू म्हणतात, आता सांधे धरणार. काकूंचं अगदीच खोटं नाही, पण धरणारच असंही नाही. जगभरातले अभ्यास एकत्र पाहिले तर सोरायसिसच्या साधारण 5 पेशंटांमागे एकाला सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिससोबत येणारा सांध्यांचा आजार, होतो. युरोप-अमेरिकेत प्रमाण जरा जास्त, आशियात कमी, 7 जणांत एक धरा. कुठे 30 टक्केही वाचाल. मोठ्या हॉस्पिटलात मोजलं की आकडा फुगतो, तिथे मुळात जास्त त्रास असलेलेच जातात.

मी त्या पाचातला एक. डोक्यात सोरायसिसच्या खपल्या 27व्या वर्षी सुरू झाल्या. लोकांना कोंडा वाटायचा, मी काळे शर्ट सोडून दिले, बाकी काही नाही. अकरा वर्षांनी टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा घुसल्यासारखं व्हायचं, भिंत धरत बाथरूम गाठायचो. हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, टाचेचं हाड वाढलंय म्हणाले, मऊ चपला आल्या. मग पायाचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलं. युरिक ॲसिड किंचित वाढलेलं निघालं, म्हणून डाळी बंद. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी, निगेटिव्ह, म्हणून 'वात नाही'. यात दोन वर्षं गेली. डोक्यातल्या खपल्यांबद्दल कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. टाच दाखवायला गेलेला माणूस डोक्याचं कशाला सांगेल?

शेवटी पकडलं ते स्किनच्या डॉक्टरांनी. मी मलम लिहून घ्यायला गेलो होतो, त्यांनी हात पुढे करायला सांगितला. नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे. विचारलं, "सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?" म्हटलं, पाऊण तास तरी, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. लगेच ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे, चिठ्ठी.

तेव्हा कळलं की या आजारात आरए फॅक्टर बहुतेकांचा निगेटिव्हच असतो. नखं बिघडलेली किंवा डोक्यात सोरायसिस असेल तर धोका जास्त. अंगावर चट्टे थोडे म्हणून सांधे सुटले, असं नसतं. बहुतेकांना आधी त्वचा, मग बऱ्याच वर्षांनी सांधे. काहींचं उलटंही होतं. झिजेचं दुखणं चालून वाढतं, हे मात्र हालचालीने मोकळं होतं आणि बसून राहिलं की आखडतं. सहा महिन्यांच्या उशिरानेही सांध्याची कायमची झीज होऊ शकते. माझ्या उजव्या तर्जनीचं शेवटचं पेर आता सरळ होत नाही, शर्टाचं वरचं बटण बायको लावते.

मला या आजारावरची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे. आठवड्यातून एकदाच, दर रविवारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून कॅलेंडरवर खूण करतो. दारू बंद, लिव्हरची रक्ततपासणी ठरलेली. आणि काकू 'वाताच्या पुड्या' आणून देतील तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवस बरं वाटतं, बंद केल्यावर त्वचा भडकू शकते.

तुम्हाला आज काही दुखत नसेल तर धास्ती घेऊ नका. फक्त पुढच्या वेळी स्किनच्या डॉक्टरांकडे जाताना नेलपॉलिश असेल तर काढून जा, आणि टाच दुखत असेल तर तीही त्यांनाच सांगा.