वर्गात हिंसेबद्दल बोलताना शिक्षकांनी मुलांना धक्का द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या आठवीच्या वर्गात सरांनी आधी काहीही न सांगता दंगलीतल्या मृतदेहांचे फोटो पडद्यावर दाखवले आणि ती दोन रात्री नीट झोपली नाही. शिक्षकांनी असं करावं का, आणि तक्रार करावी का, हे तुम्हाला विचारायचंय. माझं उत्तर: शिक्षकांनी असं करू नये. ठाण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत मी २२ वर्षं गणित शिकवतेय आणि हे मत मला फुकट मिळालेलं नाही.

दहाएक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक सर होते. शिकवायला उत्तम, मुलं जीव टाकायची त्यांच्यावर. आठवी ब ला त्यांचा मूल्यशिक्षणाचा तास होता, विषय 'हिंसा आणि आपण'. आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा खाताना त्यांनी बेत सांगितला. एका मुलाला आधी विश्वासात घ्यायचं, भर तासाला त्याच्यावर विनाकारण डाफरायचं, त्याचं सामान फेकायचं आणि सगळ्यांसमोर मुस्काटात ठेवून द्यायची. थप्पड खोटी, आवाज टाळीचा. मग बघायचं, अन्याय होताना कोण उठतं. मला पटलं नव्हतं. पण मी काही बोलले नाही, भाजीचा डबा पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी पुढचा तास माझाच होता, म्हणून घंटेच्या पाच मिनिटं आधी दाराशी जाऊन उभी राहिले. सरांचा आवाज पॅसेजभर घुमत होता. कंपासपेटी फरशीवर आपटून उघडली, गुण्या, कोनमापक, कर्कटक चहूकडे पांगलं. सरांनी हात उगारला. माझी नजर तेव्हा खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर गेली. तिथल्या मुलीने दोन्ही कान घट्ट दाबून डोकं पार गुडघ्यांपर्यंत खाली नेलं होतं. हात अजून वरच होता. बाकीचा वर्ग आवाज झाल्यावर दचकला, ही आवाजाच्या आधी. उगारलेला हात कधी खाली येतो, हे तिला पाठ होतं.

मग सरांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात टाकला, नाटक होतं म्हणून सांगितलं आणि वर्गाला म्हणाले, "पन्नास जण बसलाय. एक तरी उठला का? तुमच्यासारख्या गप्प बसणाऱ्यांमुळेच हिंसा माजते." पहिल्या बाकावरचा एक मुलगा मात्र सरांचा आरडाओरडा चालू असतानाच खाली बसून तो कोनमापक, ती पट्टी गोळा करत होता. सरांना तो दिसलाच नाही, कारण ते उभं राहणारं कुणी शोधत होते.

आणि मुलांनी उठावं तरी का? बालवाडीपासून आपण 'हाताची घडी, तोंडावर बोट' शिकवायचं आणि आठवीत विचारायचं की तोंड का उघडलं नाहीस?

त्या मुलीला मी आठवडाभराने एकटीला गाठलं. "आवाज नको वाटतो बाई," एवढंच म्हणाली. तिच्या घरचं जे पुढे कळलं ते इथे लिहिणार नाही. पण तेव्हापासून माझं म्हणणं ठाम आहे: ज्याने मार पाहिलेला नाही, त्याला असल्या प्रयोगाचा धक्का बसतो, चार दिवस चर्चा होते. ज्याच्या घरात तो रोज आहे, त्याला तुम्ही शाळेतही तेच दिलंत. शाळा ही त्याची दिवसातली पाच तासांची सुटका होती, तीही गेली. आणि पन्नासांत ते मूल कोणतं, हे फळ्यापाशी उभं राहून कळत नाही.

स्टाफरूममध्ये आमचं जोरात वाजलं. सरांनी अमेरिकेतल्या शिक्षिका जेन एलियट यांचा दाखला दिला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिल १९६८ ला, आयोवातल्या राइसव्हिल गावी या बाईंनी वर्णभेद म्हणजे काय ते कळावं म्हणून तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एका गटाला सवलती, दुसऱ्याला बोलणी, आणि नंतर उलटापालट. "जग त्यांचं नाव घेतं," सर म्हणाले. घेतं, पण वादही त्यावर आजवर चालू आहे. आणि सोय म्हणून त्यातला अर्धाच भाग उचलला जातो. त्या बाईंनी दोन्ही गटांना दोन्ही बाजू भोगायला लावल्या, मुलांशी बोलत राहिल्या, त्यांच्याकडून लिहून घेतलं. आमच्याकडे थप्पड झाली आणि घंटा झाली.

"एका मुलीसाठी बाकीच्यांना शिकवायचंच नाही का?" हा त्यांचा दुसरा मुद्दा. त्याला तोंडी उत्तर देण्यापेक्षा मी त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला, संविधानाची उद्देशिका वाचून झाल्यावर, त्याच वर्गाचा एक ऑफ तास मागून घेतला. रेल्वेच्या उद्घोषणा ठाण्यातल्या पोरांच्या कानात लहानपणापासून बसलेल्या असतात. त्यांना मी विष्णू झेंड्यांबद्दल सांगितलं. २००८ च्या त्या रात्री सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा ते उद्घोषक म्हणून कामावर होते. ते माइक सोडून गेले नाहीत, मागच्या बाजूने बाहेर पडा म्हणून प्रवाशांना सांगत राहिले. त्या स्थानकात ५८ माणसं गेली, हा आकडाही मी लपवला नाही. रक्ताचा एकही फोटो दाखवला नाही. एकाने विचारलं, "बाई, ते पळाले का नाहीत?" त्यावर वर्ग अख्खा तास बोलला. शेवटच्या बाकावरूनही हात वर आला.

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापुरात लोकांनी रेल्वे रोखून धरली, शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाला म्हणून. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली मुलं मोबाइलवर सगळं पाहूनच आली होती. मी फक्त "काय काय ऐकलंत?" एवढं विचारलं. हादरलेल्या मुलांना आणखी हादरवायचं कशाला?

आता तक्रारीचं. शिक्षण हक्क कायद्याचं, म्हणजे २००९ च्या, कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, सहा ते चौदा वयापर्यंत. पण फोटो दाखवणं त्यात बसवायला जाऊ नका. आधी वर्गशिक्षकांना भेटा, मग मुख्याध्यापकांना. सरांचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही, आमच्याही सरांचा नव्हता. दंगली, फाळणी, जातीय अत्याचार हे शिकवायलाच हवं, ते टाळा असं मी म्हणत नाही. काय दाखवणार ते आधी सांगावं, नको असेल त्याला बाहेर बसू द्यावं, एवढंच. मुलीची झोप आठवड्याभरात रुळावर आली नाही तर समुपदेशकांकडे न्या. आणि तिच्या वर्गातल्या कुणाच्या घरी मारहाण चालते असं ती सांगत असेल, तर १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ करायला लावा.

आमचे सर आता निवृत्त आहेत. मध्यंतरी तलावपाळीवर भेटले. म्हणाले, "ती मुलं अजून भेटतात, तो तास आठवतो म्हणतात." मी म्हटलं, "थप्पड आठवते सर. तुम्ही त्यानंतर काय बोललात ते एकाला तरी विचारा." ते रागावून निघून गेले.

तुमच्या मुलीच्या सरांना भेटलात की एक नक्की विचारा: फोटो बंद केल्यावर पुढचा तास कशाचा होता? आमच्याकडे तो भूमितीचा होता. सगळं डोळ्यांनी पाहून मी आत गेले, फळा पुसला आणि चौकोनाची रचना शिकवली. फरशीवरचं कर्कटक त्या मुलीच्या बाकाखाली तसंच पडलेलं होतं.