आईच्या घरचं केबलचं बिल 380 रुपये कसं होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई नाशिकला एकट्या राहतात, तुम्ही पुण्याला. त्या चार-पाच मराठी चॅनल बघतात, तरी केबलवाला महिन्याला 380 रुपये नेतो. पावसात चित्र जातं, मधूनच एखादं चॅनल गायब होतं. केबलवाला जास्त पैसे घेतोय का, तक्रार कुठे करायची, की सरळ डिश बसवून टाकायची?

मी नाशिकच्या सिडकोत केबलचं काम करतो. सुरुवात दुसऱ्याकडे वायर ओढण्यापासून केली, आता स्वतःचं छोटं नेटवर्क आहे. म्हणजे मी धंद्यातलाच माणूस, हे आधी सांगितलेलं बरं. तरीही आईंचं बिल कमी व्हावं असंच मला वाटतं. न बघितलेल्या चॅनलचे पैसे भरणारं गिऱ्हाईक एक दिवस वायर काढून टाकतं, आणि जाताना मनात राग घेऊन जातं. असे राग मी बरेच बघितलेत.

बिल मी बघितलेलं नाही, पण 380 आकडा ऐकला की फोड डोळ्यांसमोर येते. तीन तुकडे करा. पहिला एनसीएफ, म्हणजे घरापर्यंत सिग्नल आणून देण्याचे पैसे. आमच्याकडे ते 130 आहेत. दुसरा पे चॅनलचे पैसे, समजा 190. या दोन्हींची बेरीज 320. तिसरा तुकडा 18 टक्के जीएसटी, 57 रुपये 60 पैसे. झाले 377.60, आणि सुट्टे कोणाकडे नसतात म्हणून 380.

पहिल्या तुकड्यात फार काही करता येत नाही. ट्रायची, म्हणजे केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी दरपद्धत फेब्रुवारी 2019 पासून प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा 130 रुपयांत 100 चॅनल होती, 2020 च्या बदलात ती 200 झाली. दूरदर्शनची सक्तीची चॅनल त्यात मोजत नाहीत. आईंनी 200 च्या जागी 40 च चॅनल ठेवली तरी हा आकार बहुतेक ठिकाणी तेवढाच राहतो, हे लोकांना पटत नाही, पण तसंच आहे. जुलै 2024 मध्ये ट्रायने 130 ची कमाल मर्यादा काढली. आता किती घ्यायचे ते कंपनी ठरवते, फक्त ते जाहीर करावं लागतं. त्यामुळे ‘130 च्या वर एक रुपयाही देऊ नका’ असा जो मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो, तो आता जुना झाला. या पैशातला सगळा वाटा गल्लीतल्या केबलवाल्याच्या खिशात जातो असंही नाही. ट्रायच्या नमुना करारात 55 टक्के केबलवाल्याला सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीला, म्हणजे एमएसओला, आणि 45 टक्के लोकल केबलवाल्याला असं वाटप आहे. 130 वर हिशेब केला तर साडेअठ्ठावन्न रुपये. वायर, वीज, पोरांचे पगार त्यातूनच.

खरी बचत दुसऱ्या तुकड्यात आहे, आणि तिथे चूक आमच्या लोकांकडूनच झालीय.

2019 च्या जानेवारीत आम्ही घरोघर फॉर्म वाटले होते. कोणती चॅनल हवीत, खुणा करा आणि सही करून द्या. फॉर्मवर शेकडो नावं, बारीक अक्षरं, बरीचशी इंग्रजीत. दहापैकी सात घरांनी फॉर्म परत दिलाच नाही. मग ट्रायने 31 मार्चपर्यंत मुदत वाढवली आणि सांगितलं, ज्यांनी निवड केली नाही त्यांना साजेसा पॅक लावा. ‘साजेसा’ म्हणजे घरात काय बघतात ते विचारून लावलेला. तेवढा वेळ कोणाला होता? माझ्या ऑफिसात मी एक मोठा मराठी-हिंदी पॅक निवडला आणि राहिलेल्या सगळ्या बॉक्सना एका दुपारी तोच लावून टाकला. त्यात क्रिकेट होतं, कार्टून होतं, हिंदी सिनेमे होते. टीव्ही काळा पडला नाही, म्हणून लोकांनी काही म्हटलं नाही. आज इतक्या वर्षांनंतरही कितीतरी घरांत तोच पॅक चालू आहे. तुमच्या आईंकडेही तसंच झालं असेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

गेल्या वर्षी पवननगरच्या एका आजींकडे रिमोट बिघडला म्हणून गेलो होतो. काम झाल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊ, पेन्शनीतून एवढे जातात, काही कमी होतं का बघ.” मी बसलो, आणि त्यांना रोज सकाळपासून रात्रीपर्यंत काय लावतात ते विचारत गेलो. सकाळी भक्तीचं चॅनल, ते फुकटच. दुपारी सह्याद्री, तेही फुकट. संध्याकाळी सातपासून मालिका, त्या दोन चॅनलवर. बातम्यांचं एक. रविवारी मराठी सिनेमा. पॅकमधलं खेळाचं चॅनल मी वाचून दाखवलं तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “क्रिकेट? ते तर आमचे हे बघायचे.” काका जाऊन चार वर्षं झाली होती. मोठा पॅक काढला, त्यांना लागणारी पे चॅनल तेवढी ठेवली, ती 60 रुपयांत बसली. 130 अधिक 60, वर 34 रुपये 20 पैसे कर. 377.60 चे 224.20 झाले. महिन्याला दीडशेच्या वर वाचले. त्यांनी ते आकडे कॅलेंडरच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले.

एक अडचण मात्र आली, आणि ती तुम्हालाही येईल. पॅक बदलताना नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो. आजींच्या बॉक्सवर नंबर होता काकांचा, तो कधीच बंद झालेला. दुसऱ्या एका घरी तर माझ्याच जुन्या पोराचा नंबर निघाला. घाईत कनेक्शन चालू करताना त्याने स्वतःचाच टाकला होता. म्हणून पॅकचं नंतर बघा, आधी कनेक्शन कोणाच्या नावावर आहे आणि कोणता मोबाइल लावलाय ते विचारा. गिऱ्हाइकाचं आधार आणि अर्ज दिला की नाव बदलतं. बॉक्सच्या तळाशी व्हीसी नंबर, म्हणजे तुमच्या कनेक्शनची ओळख, छापलेला असतो, त्याचा फोटो आईंकडून मागवून स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. कंपनीला फोन लावाल तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो.

चॅनल निवडताना हेही बघा. सुटं चॅनल नेहमी स्वस्त पडतंच असं नाही. एका ब्रॉडकास्टरचं, म्हणजे चॅनल चालवणाऱ्या कंपनीचं, एक चॅनल 19 रुपयांना आणि त्यांचाच सात-आठ चॅनलचा मराठी बुके, म्हणजे एकत्र गठ्ठा, थोड्या जास्त पैशांत, असं बऱ्याचदा असतं. त्यांची दोन बघत असाल तर बुके घ्या, एकच बघत असाल तर सुटं. आणि हा 19 चा आकडा सारखा का दिसतो? ज्या चॅनलची किंमत त्याच्या वर जाते ते बुकेत घालता येत नाही, असा ट्रायचा नियम आहे. मध्ये ही मर्यादा 12 वर आणली होती, नोव्हेंबर 2022 मध्ये पुन्हा 19 केली. एचडी चॅनलची किंमत वेगळी असते. आईंचा बॉक्स साधा असेल तर एचडीचे पैसे लागलेत का ते जरूर तपासा. मला असं दोनदा सापडलंय.

आता चॅनल गायब होण्याबद्दल. पडद्यावर काय लिहून येतं ते आईंना वाचायला सांगा. चॅनल सबस्क्राइब केलेलं नाही अशा अर्थाचं काही असेल तर वायर ठीक आहे, गडबड पॅकची किंवा संपलेल्या रिचार्जची आहे. ब्रॉडकास्टर आपल्या बुकेत फेरफार करतो, तेव्हाही एखादं चॅनल असंच निसटतं. कधी भांडण वरचं असतं. फेब्रुवारी 2023 मध्ये नवीन दरांच्या करारावरून मोठ्या ब्रॉडकास्टरांनी बऱ्याच केबल कंपन्यांचा सिग्नल काही दिवस बंद केला होता. त्या दिवसांत लोक माझ्या दारात येऊन उभे राहिले, आणि माझ्या हातात खरोखर काहीच नव्हतं. संध्याकाळची मालिका चुकली म्हणून डोळ्यांत पाणी आलेल्या बायका मी बघितल्यात. एकट्या माणसाचा दिवस त्या मालिकेला बांधलेला असतो, हे वर बसून करार करणाऱ्यांना दिसायला हवं.

‘नो सिग्नल’ आलं, किंवा चित्र चौकोन-चौकोन होऊन फुटायला लागलं, तर मात्र गोष्ट वायरची. 2013 च्या आधी टीव्हीवर मुंग्या यायच्या, कमी सिग्नलवरही काहीतरी दिसत राहायचं. त्या वर्षी 31 मार्चपासून नाशिकला डिजिटल सक्तीचं झालं, घरोघर ‘डबा’ आला, आणि तेव्हापासून चित्र एक तर स्वच्छ दिसतं नाही तर फुटतं. पावसात फुटत असेल तर दहापैकी आठ वेळा दोष जॉइंटचा असतो. ऑगस्टमध्ये एका इमारतीच्या गच्चीवर मी स्वतः चढलो होतो. टाकीच्या मागे कनेक्टर, त्यावर कोणीतरी टेपचे चार वेढे दिलेले, आणि त्या टेपच्या आतच पाणी साठलेलं. सोडवून बघितलं तर आतल्या तारेवर हिरवा गंज. वीतभर वायर कापून टाकली, नवा कनेक्टर चढवला, आणि वायरला खालच्या बाजूला झोळ दिला म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोळातूनच टपकतं. वीस मिनिटांचं काम. तुमच्या केबलवाल्याला नेमकं एवढंच सांगा: गच्चीवरचा जॉइंट उघडून बघ, टेपवर टेप मारू नकोस. दर पावसाळ्यात तेच होत असेल तर घरात आलेली वायरच बदलून मागा. लाइट गेल्यावर टीव्ही जात असेल आणि घरात इन्व्हर्टर असेल, तर गल्लीतल्या अँप्लिफायरला, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला, बॅकअप नाही असं समजा. तो केबलवाल्यानेच बसवायला हवा. शिवाय सध्या शहरात सिंहस्थाच्या कामांसाठी ठिकठिकाणी खोदकाम चालू आहे, त्यात फायबर तुटली तर अख्खा भाग एकदम बंद पडतो. तेव्हा शेजारी विचारलं की लगेच कळतं.

तक्रार करायची तर केबलवाल्याला फोन करून थांबू नका. वरच्या कंपनीच्या, म्हणजे एमएसओच्या, टोल-फ्री नंबरवर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असं धरा. सिग्नल नसल्याची तक्रार 24 तासांत सुटली पाहिजे, बिलाची सात दिवसांत. सलग 72 तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर तेवढ्या दिवसांचे पैसे घेता येत नाहीत, ते मागून घ्या. त्यानेही नाही झालं तर कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, लिहा. ट्राय नियम करते, पण एकेका गिऱ्हाइकाची तक्रार सोडवत नाही. पुढची पायरी 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्याच्याही पुढे आपल्या नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. आई दोन-तीन महिने तुमच्याकडे पुण्याला येणार असतील तर आधी कळवून कनेक्शन तात्पुरतं बंद ठेवता येतं. बहुतेक लोक हे करतच नाहीत आणि बंद घराचे पैसे भरत राहतात.

राहिली डिश. जोराच्या पावसात डिशचा सिग्नल आकाशातच अडतो आणि पाऊस ओसरला की परत येतो, त्याला कोणी मेकॅनिक काही करू शकत नाही. म्हणून पावसाचा कंटाळा आला एवढ्याच कारणासाठी केबल सोडू नका. आई म्हसरूळ-आडगावच्या बाजूला सुट्या बंगल्यात असतील, जिथे केबलवाल्याची लाइन लांबून येते आणि माणूस बोलावल्यावर दोन दिवसांनी उगवतो, तिथे डिश बरी. तुमच्या गच्चीवरून आग्नेयेकडचं आकाश मोकळं दिसतं का ते बघा. समोर उंच इमारत उभी राहिली असेल तर नाद सोडा. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत, एकदाच खर्च. सह्याद्री त्यावर आहे, पण गाजणाऱ्या मालिकांची मोठी पे चॅनल त्यावर नसतात. आईंची सातची मालिका कोणत्या चॅनलवर लागते, ते विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि हो, केबलचा बॉक्स डिशला चालत नाही, एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीलाही चालत नाही. तो विकत घेतलाय की भाड्याने आहे, डिपॉझिट भरलं होतं का, पावती कुठे आहे, हे बघूनच तोडा.

माझं मत विचाराल तर आधी पॅक कमी करा आणि गच्चीवरचा जॉइंट बदलून घ्या, मग एक पावसाळा जाऊ द्या. पुढच्या रविवारी नाशिकला आलात तर आईंच्या शेजारी तासभर बसा, रिमोट त्यांच्याच हातात राहू द्या, आणि त्या जे-जे लावतील ते लिहून घ्या. तो कागद केबलवाल्याला दाखवा आणि ‘एवढंच ठेव’ म्हणा. नाही ऐकलं तर इथे लिहा, पुढे काय करायचं ते मी सांगतो.