आमवाताच्या सुजेशी मायटोकाँड्रियाचा काय संबंध?

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याची बोटं सकाळी तासभर आखडलेली असतात, पोह्यांच्या डब्याचं झाकणसुद्धा तिला उघडत नाही. त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे.

मायटोकाँड्रिया हे पेशीतले सूक्ष्म भाग पेशीला ऊर्जा पुरवतात. त्यांचे पूर्वज एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होते आणि आजही त्यांच्याकडे स्वतःचा, ३७ जनुकांचा गोल डीएनए आहे. खरी गोम इथेच आहे. सुजलेल्या सांध्याच्या अस्तरात ऑक्सिजन कमी पडतो, मायटोकाँड्रिया बिघडतात आणि त्यांचा डीएनए बाहेर सांडतो. प्रतिकारशक्तीला तो जिवाणूचाच वाटतो. मग घरात चोर शिरल्यासारखी धावपळ उडते: पेशीतली एनएलआरपी३ नावाची धोका ओळखणारी यंत्रणा जागी होते, इंटरल्युकिन-१ बीटा हे सूज आणणारं प्रथिन सुटतं, सूज वाढते आणि त्या सुजेनं आणखी मायटोकाँड्रिया बिघडतात. रुग्णांच्या सांध्यातल्या द्रवात हा डीएनए सापडला आहे. उंदरांच्या सांध्यात टोचला तर तिथे सूज आली.

अर्थात आजाराचं मूळ एवढंच नाही, आनुवंशिकता आणि धूम्रपानही त्यात आहेत. आत्याला कुणीतरी ‘मायटोकाँड्रियाच्या गोळ्या’ सुचवल्या होत्या. कृपा करून अशा गोळ्यांच्या नादी लागून डॉक्टरांनी दिलेलं मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध बंद करू नका. एकदा झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही.